घरच्या स्टुडिओसाठी लॅपटॉप कोणता घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे नागपूरला राहतात, हार्मोनियम आणि कीबोर्ड वाजवतात, कवितांना चाली लावतात. गायकाचा आवाज आणि हार्मोनियम घरीच रेकॉर्ड करायची, तबला, बासरी, स्ट्रिंग्ज सॉफ्टवेअरमध्ये रचायच्या आणि तयार ट्रॅक मिक्सिंगसाठी पुण्याला पाठवायचे, असा बेत आहे. अधूनमधून गायकाच्या घरी जाऊनही रेकॉर्डिंग करावं लागेल. सगळं धरून हातात ९० हजार रुपये आहेत. दुकानदार ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप दाखवतोय, मित्र म्हणतोय मॅकच घे. जवळ ८ जीबी रॅमचा जुना विंडोज लॅपटॉप आहे, पण गाणं जरा भरलं की त्यातून टक्‌टक्‌ आवाज येतात. नवीन काय घ्यावं आणि जुन्याचं काय करावं?

मी बरीच वर्षं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतोय. लोकांनी घरी रेकॉर्ड केलेले ट्रॅक माझ्याकडे सतत येतात, त्यामुळे घरातल्या लॅपटॉपचे गुणदोष मला आधी कानांनी कळतात. उत्तराची सुरुवात त्या टक्‌टक्‌पासूनच करतो, कारण ती का होते हे कळलं की निम्मी खरेदी सोपी होते.

कॉम्प्युटर आवाज सलग काढत नाही. तो आवाजाचे छोटे तुकडे तयार करून एकेक पुढे सरकवतो. या तुकड्याच्या आकाराला आपण बफर म्हणतो. प्रोजेक्ट ४८,००० हर्ट्‌झवर असेल आणि बफर १२८ सँपलचा, म्हणजे आवाजाच्या १२८ मोजमापांचा, ठेवला असेल, तर एक तुकडा साधारण २.६७ मिलिसेकंदांचा होतो. म्हणजे सेकंदाला ३७५ तुकडे. पाच मिनिटांच्या गाण्यात १,१२,५०० तुकडे, आणि प्रत्येक तुकडा ठरल्या क्षणी तयार हवा. एकाला जरी उशीर झाला तरी तिथे टक्‌ होते. व्हिडिओ एक्स्पोर्ट व्हायला पाच मिनिटं जास्त लागली तर काही बिघडत नाही, इथे मात्र सरासरी वेगाला अर्थच उरत नाही. द्रुत लयीत कितीही तयारी असलेला तबलजी समेवर चुकला की पुढचं मागचं सगळं फुकट, तसं आहे हे. म्हणून संगीतासाठी लॅपटॉप घेताना वेगाच्या आधी वक्तशीरपणा बघा, असं मी प्रत्येकाला सांगतो. अडचण एवढीच की वक्तशीरपणा खोक्यावर छापलेला नसतो. तो तपासून घ्यावा लागतो.

उशीर दोन कारणांनी होतो. एक, प्रोसेसरला काम झेपत नाही. दोन, काम झेपतं, पण दुसऱ्याच कुणीतरी प्रोसेसरला अडवून धरलेलं असतं. विंडोज लॅपटॉपमध्ये मला दुसरं कारण कितीतरी जास्त वेळा दिसतं. वायफाय, ब्लूटूथ, बॅटरीचं व्यवस्थापन, ग्राफिक्स कार्ड, या सगळ्यांचे ड्रायव्हर, म्हणजे ते ते हार्डवेअर चालवणारी छोटी सॉफ्टवेअर, मधूनमधून प्रोसेसरचा ताबा घेतात आणि त्यांना ऑडिओपेक्षा वरचा मान असतो. एखाद्या वाईट लिहिलेल्या ड्रायव्हरने तो ताबा दोन-तीन मिलिसेकंद सोडला नाही, तर तुमचा १२८ सँपलचा तुकडा गेलाच. महागडा आय ९ असला तरी जातो. मग माणूस म्हणतो, टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू तर वीस टक्केच दिसतोय, तरी आवाज का फुटतो? त्याचं उत्तर हे.

हे तपासायला लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे. घरगुती वापरासाठी फुकट मिळतं. लॅपटॉप घेतल्यावर, परत करायची मुदत संपायच्या आत, चार्जर लावून ते दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. त्याच वेळी एखादं गाणं वाजवत ठेवा आणि वायफाय चालू असू द्या. ड्रायव्हरने प्रोसेसरला किती वेळ अडवलं ते त्यात दिसतं. सर्वांत मोठा आकडा पाचशे मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर उत्तम. हजाराच्या वर जाऊ लागला तर ड्रायव्हरची यादी उघडा आणि कुणाचा वेळ सर्वांत जास्त आहे ते बघा. एनडीआयएस दिसलं तर दोष नेटवर्कचा. वायफाय बंद करून पुन्हा मोजा, बहुतेक वेळा आकडा खाली येतो, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद ठेवणं काही जड नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर दिसला तर नवा ड्रायव्हर घालून बघा. पण एसीपीआय दिसलं आणि कंपनीचं ताजं बायोस अपडेट घालूनही आकडा तसाच राहिला, तर लॅपटॉप परत करा. बॅटरी आणि पॉवरच्या खालच्या पातळीवरचा तो दोष तुमच्या-माझ्या हातात नसतो. म्हणूनच, जिथे परत घेतात तिथूनच लॅपटॉप घ्या, भले हजारभर रुपये जास्त जावोत.

आता प्रोसेसर. दुकानात कोअर मोजून दाखवतात, पण एका ट्रॅकवरची प्लगइनची, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची, साखळी एकाच कोअरवर चालते. आवाजावर आधी ईक्यू, मग कंप्रेसर, मग डी-एसर, असं लावलं की आधीचं झाल्याशिवाय पुढचं सुरू होत नाही, त्यामुळे ती वाटून देता येत नाही. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरवर जातात, हे खरं. पण शेवटी सगळे मास्टर ट्रॅकवर एकत्र येतात आणि तिथे पुन्हा एकच रांग. तेव्हा एका कोअरची ताकद आधी बघा, मग संख्या. विंडोज लॅपटॉपमध्ये प्रोसेसरच्या नावाच्या शेवटचं अक्षर बघायला शिका. ‘यू’ म्हणजे कमी विजेवर चालणारा, साधारण १५ वॉटचा. ‘एच’ म्हणजे साधारण ४५ वॉटचा. एएमडीकडे ‘एचएस’ त्याच्या जवळचा. यू मालिकेतला आय ७ आणि एच मालिकेतला आय ५ शेजारी ठेवले तर मी डोळे झाकून एच मालिकेतला आय ५ घेईन. गाण्याचं काम तासन्‌तास चालतं, आणि यू मालिका पहिली काही मिनिटं जोरात धावून मग दमते.

स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप दिसायला सुंदर आहेत, बॅटरीही खूप टिकते. तुम्ही मात्र आत्ता घेऊ नका. साधी सॉफ्टवेअर त्यावर भाषांतर होऊन चालतात, ड्रायव्हर तसे चालत नाहीत. ऑडिओ इंटरफेसच्या (माइक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीच्या) कंपनीने त्या प्रोसेसरसाठी वेगळा ड्रायव्हर काढलेला असावा लागतो, आणि सगळ्यांनी तो काढलेला नाही.

रॅमबद्दल माझं मत ठाम आहे: १६ जीबीच्या खाली काही घेऊ नका, आणि वाढवता येत नसेल तर आणखी विचार करून घ्या. तुम्ही तबला, बासरी, स्ट्रिंग्ज सँपलवर, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या आधीच रेकॉर्ड केलेल्या सुरांवर, रचणार आहात. काँटॅक्टसारखा सँपलर प्रत्येक सुराची सुरुवात रॅममध्ये भरून ठेवतो आणि उरलेला सूर वाजवताना डिस्कवरून ओढतो. एक मोठा पियानो किंवा स्ट्रिंग सेक्शन यात दीड-दोन जीबी सहज खातो. विंडोज आणि ब्राउझर मिळून चार-पाच जीबी घेतात. म्हणजे ८ जीबीच्या लॅपटॉपवर दोन वाद्यं उघडली की डबा भरला. तुमच्या जुन्या लॅपटॉपच्या टक्‌टक्‌चं हे कारण असू शकतं. १६ जीबीत भावगीताची नेहमीची रचना निवांत होते. ३२ जीबी पूर्ण ऑर्केस्ट्रा रचणाऱ्याला, पार्श्वसंगीत करणाऱ्याला लागते. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर जोडून आलेली असते, ती कधीच बदलता येत नाही. दुकानदाराला नेमकं विचारा: स्लॉट किती, त्यातला रिकामा किती? ‘होईल साहेब, वाढेल’ या उत्तरावर न जाता मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर बघा.

डिस्कवर फार वेळ घालवत नाही. एनव्हीएमई एसएसडी हवी, एवढं पुरे. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला १४४ किलोबाइट घेतो. असे चाळीस ट्रॅक एकदम वाजवले तरी सहा मेगाबाइटच्या आत. आजची साधी एसएसडीही याच्या शेकडोपट वेगवान असते, तेव्हा सेकंदाला सात हजार मेगाबाइटवाल्या डिस्कसाठी जादा पैसे देऊ नका. जागा मात्र बघा. ५१२ जीबी घ्या, सँपल लायब्ररी पुढे बाहेरच्या एसएसडीवर ठेवता येतील.

ग्राफिक्स कार्डाचा गाण्याला उपयोग जवळजवळ शून्य. तरीही गेमिंग लॅपटॉप सरसकट वाईट नाही, हे मी मुद्दाम सांगतो. या किमतीत एच मालिकेचा प्रोसेसर, दोन रॅम स्लॉट आणि बऱ्यापैकी थंड राहणारी बांधणी बहुतेक त्यातच मिळते. तोटे दोन: ग्राफिक्सचा ड्रायव्हर वक्तशीरपणा बिघडवू शकतो, तो लेटन्सीमॉनमध्ये दिसेल, आणि पंखा.

पंख्याबद्दल जरा थांबून बोलतो, कारण तुम्ही नागपूरचे आहात. घरी गाणं रेकॉर्ड करताना छताचा पंखा बंद, कूलर बंद, एसी असेल तर तोही बंद, खिडक्या लावलेल्या. मे महिन्यात अर्ध्या तासात त्या खोलीचं तापमान कुठे जातं हे मी तुम्हाला सांगायला नको. अॅपल आपल्या मॅकबुकसाठी १० ते ३५ अंश सेल्सियसची खोली धरते, आणि बाकी बऱ्याच कंपन्यांची मर्यादाही त्याच्याच आसपास असते. तुमची खोली ३८-४० अंशांवर गेली की लॅपटॉपचा पंखा पूर्ण जोरात फिरतो, आणि कंडेन्सर माइक तो आवाज इमानदारीत टिपतो. माझ्याकडे आलेल्या एका ट्रॅकमध्ये गायिका सम गाठून थांबली की मागून तो सूं आवाज वर यायचा, आणि पुढची ओळ सुरू झाली की खाली दबायचा. कंप्रेसर लावल्यावर तर तो आणखी ठळक झाला. नॉइज रिडक्शनने आवाज गेला, पण मिंडीची शेपटीही त्याच्याबरोबर थोडी गेली. हे रेकॉर्डिंगच्या वेळीच टाळायचं असतं.

उपाय साधे आहेत. रेकॉर्डिंग पहाटे करा. लॅपटॉप माइकच्या मागच्या बाजूला, जमेल तितका दूर ठेवा. कार्डिऑइड माइक मागून कमी ऐकतो. चार-पाच मीटरची यूएसबी केबल वापरण्यापेक्षा माइकची एक्सएलआर केबल लांब घ्या, ती दहा मीटर गेली तरी आवाज बिघडत नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी सगळी जड प्लगइन बंद करा, वाद्यांचे ट्रॅक फ्रीझ करा (म्हणजे तात्पुरते तयार आवाजात बदलून ठेवा), म्हणजे प्रोसेसर तापणारच नाही. मॅकबुक एअरला पंखाच नाही, आणि आवाजाच्या खोलीत हा फार मोठा गुण आहे. तापल्यावर तो वेग कमी करतो, पण आवाज टिपण्याच्या कामाला वेग लागतोच किती?

दुसरी आपल्याकडची गोष्ट अर्थिंग. लॅपटॉप चार्जरला लावला की हेडफोनमध्ये किंवा स्पीकरमध्ये गूं असा आवाज येतो, चार्जर काढला की जातो, ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकतो की खरेदीच्या सल्ल्यात ती आलीच पाहिजे. घेण्याआधी दुकानात किंवा घेतल्याबरोबर घरी इंटरफेस जोडा, हेडफोन लावा, गेन वाढवा, आणि चार्जर लावून-काढून ऐका. फरक पडला तर आधी घरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या; जुन्या घरांत ते नावालाच असतं. इंटरफेस ते स्पीकर बॅलन्स्ड टीआरएस केबल वापरा आणि सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. चार्जरची तिसरी पिन कुणी कापायला सांगितली तर ऐकू नका. तो जिवाशी खेळ आहे. आणि वीज गेल्यावर घरचा इन्व्हर्टर चालू असताना रेकॉर्डिंग करू नका. बऱ्याच इन्व्हर्टरमधून येणारी वीज शुद्ध साइन वेव्ह नसते आणि तिची भुणभुण सगळीकडे शिरते. तेवढा वेळ लॅपटॉप बॅटरीवर चालवा. त्यासाठी बॅटरी चांगली हवी, हेही निवडीत धरा.

आता मॅक की विंडोज. मॅकमध्ये ऑडिओची व्यवस्था सिस्टममध्येच नीट बांधलेली आहे, ड्रायव्हरची भांडणं क्वचित होतात, गॅरेजबँड फुकट येतं आणि त्यातला प्रोजेक्ट पुढे अॅपलच्याच लॉजिक या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये तसाच उघडतो. वक्तशीरपणाच्या परीक्षेत मॅक बहुतेक वेळा तयारी न करता पास होतो. तुमचा मित्र चुकीचं सांगत नाहीये. पण एम४ प्रोसेसरचा मॅकबुक एअर २०२५ मध्ये भारतात ९९,९०० रुपयांना आला, आणि तुमचे ९० हजार इंटरफेस, माइक, हेडफोन धरून आहेत. सवलतीत मागच्या पिढीचा १६ जीबीचा एअर ७०-७५ हजारांत मिळाला तर मी तोच घ्या म्हणेन. ८ जीबीचा कितीही स्वस्त मिळाला तरी नको, त्यात रॅम कधीच वाढत नाही. इंटेल प्रोसेसरचा जुना मॅक तर मुळीच नको; मॅकओएस २६ टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे. सेकंडहँड घेतलात तर बॅटरीच्या सायकल बघा. अॅपल आपल्या बॅटरीसाठी १००० सायकलची मर्यादा सांगते.

तसा मॅक जुळला नाही तर विंडोजच घ्या, आणि त्यात काही कमीपणा नाही. ६० ते ६५ हजारांपर्यंत एच किंवा एचएस मालिकेचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, शक्यतो एक रिकामा स्लॉट, ५१२ जीबी एसएसडी आणि विंडोज ११. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा त्यावर अडलेला जुना माल घेऊ नका. आल्याबरोबर पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा आणि प्रोजेक्टचं फोल्डर वनड्राइव्हच्या बाहेर काढा. रेकॉर्डिंग चालू असताना फाइल वर चढवण्याची त्याची घाई तुम्हाला परवडणारी नाही. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला रीपर घ्या. साठ दिवस पूर्ण चालवून बघता येतं आणि वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा आहे. पुण्याच्या स्टुडिओत प्रो टूल्स असलं तरी हरकत नाही, त्यांना प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणारी २४ बिटची वेव्ह फाइल म्हणून पाठवा.

उरलेल्या पैशांना हात लावू नका, असं मी कळकळीने सांगतो. २०-२५ हजार इंटरफेस, माइक आणि बंद हेडफोनसाठी राखून ठेवा. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकावर आणि एएसआयओ फॉर ऑल या फुकट, कामचलाऊ ऑडिओ ड्रायव्हरवर काम भागवत राहिलात तर कुठलाही लॅपटॉप तुम्हाला संथच वाटेल. स्वतःचा एएसआयओ (विंडोजवर आवाज कमी उशिराने नेणारा) ड्रायव्हर देणारा दोन इनपुटचा इंटरफेस घ्या, आणि त्यावर डायरेक्ट मॉनिटरिंगची सोय आहे ना, हे बघा. गायकाला स्वतःचा आवाज हाडांतून तात्काळ ऐकू येतो. हेडफोनमधून तोच आवाज लॅपटॉपमध्ये जाऊन आठ-दहा मिलिसेकंद उशिरा आला, तर दोन्ही मिसळून पोकळ होतात आणि सूर लावताना गायक चाचपडतो. डायरेक्ट मॉनिटरिंगमध्ये आवाज लॅपटॉपपर्यंत न जाता इंटरफेसमधूनच परत येतो. गायकाला गुंजन हवं असेल तर सॉफ्टवेअरमधला कोरडा आवाज बंद ठेवून फक्त रिव्हर्ब हेडफोनमध्ये सोडा. रिव्हर्ब काही मिलिसेकंद उशिरा आला तर कुणालाच खटकत नाही, उलट बरा वाटतो. मग बफर ५१२ ठेवूनही रेकॉर्डिंग होतं आणि लॅपटॉपवर ताण येत नाही. कीबोर्डवरून सॉफ्टवेअरचं वाद्य वाजवताना मात्र १२८ लागेल, नाहीतर बोट आधी आणि सूर मागून असं होतं.

जुना लॅपटॉप विकू नका. आधी इंटरफेस घ्या आणि तो त्याच लॅपटॉपला जोडून महिनाभर काम करा. लेटन्सीमॉन चालवा, रॅमचा स्लॉट असेल तर १६ जीबी करून बघा. तुमचा गायनाचा भाग त्यावर नीट झाला, तर नवीन लॅपटॉप फक्त रचनेच्या कामासाठी लागेल आणि तो घरीच राहील. तसं झालं तर लॅपटॉपच का, हा प्रश्न पुन्हा विचारा: एम४ चा मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांना आला, त्यात १६ जीबी रॅम आहे आणि पंखा जवळजवळ ऐकूच येत नाही. त्याला कीबोर्ड, माउस, स्क्रीन आणि छोटा यूपीएस जोडावा लागेल. स्क्रीन म्हणून घरचा टीव्ही सुरुवातीला चालतो. गायकाच्या घरी जायचं असेल त्या दिवशी जुना लॅपटॉप आणि इंटरफेस पिशवीत घाला. तुमच्या कामाची जी वाटणी तुम्ही सांगितली आहे, त्यात मला हाच मार्ग सर्वांत पटतो.